फवारणी करूनही भाजीपाल्यावर विषाणूजन्य रोग दर हंगामात का परततो?

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपाची असते. रोपे लावल्यापासून दर आठवड्याला कीटकनाशकाची फवारणी चालू असते, पानांखाली किडी फारशा दिसतही नाहीत, तरीही महिना-दीड महिन्यात टोमॅटोचे शेंडे आखडतात, भेंडीच्या शिरा पिवळ्या पडतात किंवा भोपळ्याच्या पानांवर हिरवे-पिवळे चट्टे उमटतात. पुढच्या हंगामात औषध बदलले जाते, मात्रा वाढवली जाते आणि निकाल तोच येतो. अशा वेळी दोष औषधाच्या नावात क्वचितच असतो. विषाणू कोणत्या किडीने आणला, किती वेळात आणला आणि कुठून आणला, हे न पाहता केलेली फवारणी कधी योग्य किडीवर पण उशिरा होते, तर कधी वेळेवर होऊनही त्या रोगाशी संबंध नसलेल्या किडीवर होते. वनस्पतीच्या पेशीत शिरलेला विषाणू उभ्या पिकात नष्ट करणारे औषध उपलब्ध नाही, त्यामुळे सारे निवारण लागण होण्याच्या आधी करावे लागते, आणि लक्षणे दिसतात तेव्हा तो काळ उलटून गेलेला असतो.

रोग विषाणूचाच आहे का?

ही पायरी गाळली जाते म्हणून पुढचा बराचसा खर्च वाया जातो. मिरचीची पाने वळण्यामागे पांढऱ्या माशीने आणलेला पर्णगुच्छ विषाणू असू शकतो, पण नुसत्या फुलकिड्यांच्या रस शोषण्यानेही पाने वळतात आणि कोळ्यांमुळेही, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या अतिसूक्ष्म आठपायी जीवांमुळेही (माइट), वळतात. फुलकिड्यांमुळे पानांच्या कडा सहसा वरच्या बाजूला वळतात. कोळ्यांमुळे त्या खाली वळतात, पान अरुंद होते आणि देठ लांबतो. विषाणूच्या बाबतीत पान लहान राहते, त्यावर सुरकुत्या पडतात, शिरा जाड होतात आणि पेरे जवळजवळ येतात. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग घेऊन शेंड्यावरच्या कोवळ्या पानांची खालची बाजू पाहिली, तर बराच उलगडा होतो. कोळी हा कीटक नाही, म्हणून पांढऱ्या माशीवर चालणारी अनेक औषधे त्याच्यावर निरुपयोगी ठरतात. उलट पायरेथ्रॉइड गटातील औषधांच्या वारंवार फवारणीने कोळ्यांचे नैसर्गिक शत्रू मरतात आणि कोळी वाढतात. म्हणजे विषाणूच्या संशयाने केलेली फवारणीच कधीकधी त्याच्यासारखी दिसणारी लक्षणे वाढवते.

दुसरा नेहमीचा गोंधळ तणनाशकाचा आहे. २,४-डी या तणनाशकाचे वाऱ्याने आलेले तुषार किंवा नीट न धुतलेल्या पंपात राहिलेला त्याचा अंश टोमॅटोवर पडला, तर पाने दोरीसारखी अरुंद आणि पिळवटलेली होतात. काकडी मोझॅक विषाणूमुळे टोमॅटोची पाने जशी होतात तशीच ती दिसतात. फरक असा की तणनाशकाची इजा एका बाजूकडून किंवा सलग पट्ट्यात, एकाच वेळी दिसते, आणि मात्रा कमी असेल तर पुढची नवी पालवी हळूहळू नेहमीसारखी येते. विषाणूची लागण झालेल्या झाडात नवी पालवी सहसा आधीच्या पालवीइतकीच किंवा त्याहून वाईट येते. वांग्याचा बोकड्या रोग, ज्यात पाने अगदी बारीक होऊन झुपक्याने येतात, तोही विषाणूचा नाही. तो फायटोप्लाझ्मा या जिवाणूसदृश सूक्ष्मजीवामुळे होतो आणि तुडतुडे तो पसरवतात. मॅग्नेशियमसारख्या अन्नद्रव्याची कमतरता जुन्या पानांपासून सुरू होते, विषाणूची लक्षणे बहुधा कोवळ्या शेंड्यावर आधी दिसतात.

एवढे पाहूनही शंका राहिली, तर चाचणी करावी. काकडी मोझॅक, तंबाखू मोझॅक, टोमॅटो स्पॉटेड विल्ट अशा काही विषाणूंसाठी शेतातच वापरता येणाऱ्या पट्ट्या मिळतात. पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या पर्णगुच्छ विषाणूंसाठी मात्र प्रयोगशाळेतील पीसीआर (विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी) चाचणी अधिक भरवशाची असते. एका नमुन्याच्या चाचणीचा खर्च हंगामभराच्या चुकीच्या फवारण्यांपेक्षा बहुधा कमी येतो.

शेतातील मांडणी आणि तारीख

चाचणीचा अहवाल येईपर्यंत शेतच पुष्कळ सांगते. रोगट झाडे कुठे आहेत याचा साधा आराखडा कागदावर काढावा आणि आठवड्याने पुन्हा काढावा. रोग बांधाकडून किंवा वाऱ्याच्या दिशेच्या कडेने सुरू होऊन आत सरकत असेल, तर किडी विषाणू घेऊनच बाहेरून आल्या आहेत. लागवडीनंतर दोन-तीन आठवड्यांच्या आतच रोगट झाडे संपूर्ण शेतात विखुरलेली दिसली, तर संशय रोपवाटिकेवर किंवा बियाण्यावर घ्यावा. आधी एकेकटी दिसलेली झाडे पुढे छोट्या पुंजक्यांची केंद्रे झाली, तर शेतातच वाढलेल्या किडी शेजारच्या झाडांवर रोग नेत आहेत. आणि रोग सरीच्या दिशेने, एकामागून एक झाडावर चालत गेल्यासारखा दिसत असेल, तर तो माणसाच्या हातांनी, छाटणीच्या कात्रीने किंवा बांधणीच्या दोरीने पसरत असण्याची शक्यता मोठी आहे. तिथे कीटकनाशकाचा संबंधच येत नाही.

यासोबत दिवसांचा हिशेब उलटा मोजावा लागतो. टोमॅटोच्या पिवळ्या पर्णगुच्छ विषाणूची लक्षणे लागण झाल्यावर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी दिसतात. वेलवर्गीय पिकांतील मोझॅक, म्हणजे पानांवरचे हिरवे-पिवळे चट्टे, एक-दोन आठवड्यांत दिसतो. म्हणजे आज शेंडा आखडलेला दिसला, तर तो आज पानाखाली बसलेल्या माशीमुळे आखडलेला नाही. आजच्या माशीचे काम तीन आठवड्यांनी दिसेल. उलट मोजणी करून येणारी तारीख रोपवाटिकेच्या दिवसांत पडत असेल, तर मुख्य शेतातल्या सगळ्या फवारण्या या प्रश्नाच्या बाहेरच्या ठरतात. वारंवार उद्भवणाऱ्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते, कारण रोपवाटिकेत रोपे दाट असतात, पालवी कोवळी असते आणि लक्षणे दिसण्यापूर्वीच रोपे दुसरीकडे लावली जातात.

कीड विषाणू कसा वाहते

मेरियन वॉटसन आणि रॉबर्ट्स या वनस्पती-विषाणू संशोधकांनी १९३९ मध्ये किडींकडून होणाऱ्या प्रसाराचे अस्थायी (विषाणू किडीवर थोडाच वेळ टिकतो) आणि स्थायी (तो किडीत दीर्घकाळ राहतो) असे दोन प्रकार मांडले. पुढे त्यांच्यामधला अर्धस्थायी प्रकारही ओळखला गेला. ही विभागणी पुस्तकी वाटते, परंतु कोणते औषध चालेल आणि कोणते चालणार नाही हे तिच्यावरच ठरते, म्हणून ती समजून घेण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

अस्थायी प्रकारात मुख्य वाहक मावा असतो. काकडी मोझॅक, झुकिनी पिवळा मोझॅक, पपई रिंगस्पॉट विषाणूचा वेलवर्गीय पिकांवर येणारा प्रकार आणि बटाट्याचा वाय विषाणू हे सारे याच मार्गाने पसरतात. पंख असलेला मावा झाडावर उतरला की ते आपल्या खाण्याचे झाड आहे का हे पाहण्यासाठी सोंड पानाच्या वरच्या पेशीत काही सेकंद खुपसतो. तेवढ्यात विषाणूचे कण त्याच्या सोंडेला चिकटतात आणि पुढच्या झाडावर अशीच चव घेताना ते तिथे उतरतात. घेणे आणि देणे हे दोन्ही काही सेकंदांत किंवा एक-दोन मिनिटांत उरकते, आणि काही झाडांची चव घेतल्यावर सोंडेवर विषाणू उरत नाही. मावा पिकावर राहायलाच पाहिजे असेही नाही. शेजारच्या गवतावरचा, तुमच्या पिकात कधीच वसाहत न करणारा मावा चव घेऊन उडून जातो आणि रोग मागे ठेवतो. म्हणूनच ‘पानांखाली मावा नाही, तरी मोझॅक आला’ या वाक्यात कोणताही विरोधाभास नाही.

या किडीला मारायला कीटकनाशकाला मिनिटे किंवा तास लागतात आणि विषाणूला सेकंद पुरतात. आंतरप्रवाही औषध तर रसवाहिन्यांतून कार्य करते, जिथे या माव्याची सोंड अजून पोहोचलेलीच नसते. त्याहून वाईट म्हणजे काही औषधांनी अस्वस्थ झालेला मावा एका झाडावर स्थिर बसत नाही, अधिक झाडांवर फिरतो आणि अधिक ठिकाणी सोंड खुपसतो. ज्यांच्याकडे फवारणीनंतर मोझॅक वाढल्याचा अनुभव आहे त्यांनी तो भास समजू नये. काकडी मोझॅक विषाणूच्या बाबतीत तर असेही आढळले आहे की लागण झालेले भोपळावर्गीय झाड वासाने माव्याला ओढून घेते, पण चवीला इतके निकृष्ट लागते की मावा लगेच निघून जातो. विषाणूला याहून सोयीची व्यवस्था क्वचितच मिळाली असती.

मग इथे काय चालते? पहिले, माव्याला पीक दिसूच न देणे. चंदेरी रंगाचे प्लॅस्टिक आच्छादन आकाशाचा प्रकाश परावर्तित करते आणि उडणारा मावा उतरण्याआधीच गोंधळतो. पानांनी आच्छादन झाकले जाईपर्यंत, म्हणजे पीक सर्वांत नाजूक असताना, हा उपाय काम देतो. दुसरे, कडेने मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी भाजीपाला लावण्याआधी तीन-चार आठवडे पेरणे. बाहेरून आलेला मावा या उंच ओळींवर आधी उतरतो, तिथे चव घेताना सोंडेवरचा विषाणू झडतो, आणि तो विषाणू मक्याला लागत नसेल तर तिथेच संपतो. तिसरे, सुमारे एक टक्का तीव्रतेचे, पिकावर वापरण्यास योग्य असे खनिज तेल. ते सोंडेला विषाणू चिकटण्यात अडथळा आणते. मात्र नव्या पानांवर तेल नसते, म्हणून वाढीच्या वेगाप्रमाणे ते पुन्हा फवारावे लागते, आणि कडक उन्हात किंवा गंधकाच्या फवारणीच्या जवळपास वापरल्यास पाने करपतात. वेलवर्गीय पिकांत फुले येईपर्यंत हलके कापडी आच्छादन घालणे हा त्याहून खात्रीचा मार्ग आहे. परागीभवनासाठी ते काढावे लागते, पण तोवर मिळालेले दिवस मोलाचे असतात, कारण उशिरा लागण झालेल्या वेलीचे नुकसान लवकर लागण झालेल्या वेलीपेक्षा बरेच कमी असते.

पांढऱ्या माशीचे गणित वेगळे आहे. टोमॅटोचा पर्णगुच्छ आणि भेंडीचा केवडा हे बेगोमोव्हायरस गटातील विषाणूंचे रोग आहेत आणि ते स्थायी प्रकारात मोडतात. माशीला विषाणू घेण्यासाठी झाडाच्या रसवाहिनीपर्यंत सोंड नेऊन निदान दहा-पंधरा मिनिटे रस शोषावा लागतो. नंतर विषाणू आतड्यातून शरीरद्रवात आणि तिथून लाळग्रंथीत जाईपर्यंत काही तास, बहुधा आठ किंवा अधिक, जातात. त्यानंतर मात्र ती माशी दीर्घकाळ, पुष्कळदा मरेपर्यंत, रोग देत राहते. या मोठ्या वेळामुळे इथे कीटकनाशकाला थोडी संधी मिळते. रोपवाटिकेत किंवा लागवडीच्या वेळी मुळांशी दिलेले आंतरप्रवाही औषध शेतातल्या शेतात होणारा प्रसार कमी करते. पण बाहेरून आधीच विषाणू घेऊन आलेली माशी मरण्यापूर्वी पहिल्या झाडाला रोग देऊ शकते, म्हणून आसपास रोगट पीक भरपूर असेल तर केवळ औषधाने काम भागत नाही.

फवारणी निष्फळ ठरण्याचे साधे कारणही अनेकदा असते. पांढऱ्या माशीची पिल्ले पानाच्या खालच्या बाजूला चिकटून बसतात आणि पहिली अवस्था सोडल्यास जागा बदलत नाहीत. वरून मारलेला फवारा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. उबदार हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण होत असल्यामुळे एकाच क्रियागटातील, म्हणजे किडीवर एकाच पद्धतीने परिणाम करणारे, औषध सलग वापरले, तर एका हंगामातच अनेक पिढ्यांवर निवड होऊन औषधाला दाद न देणारी माशी उरते. व्यापारी नाव बदलणे म्हणजे औषध बदलणे नव्हे. लेबलवर क्रियागटाचा क्रमांक असेल तर तो पाहून गट बदलावा. नत्र खत जास्त दिल्याने येणारी लुसलुशीत पालवीही रस शोषणाऱ्या किडींना बोलावते.

फुलकिड्यांची गोष्ट सर्वांत चमत्कारिक आहे. ऑस्ट्रेलियात १९१५ मध्ये प्रथम नोंदला गेलेला टोमॅटो स्पॉटेड विल्ट आणि त्याच्या गटातील इतर विषाणू किडीच्या शरीरात वाढतातही. परंतु विषाणू घेण्याचे काम फक्त लहान पिल्लेच करू शकतात. प्रौढ फुलकिडा रोगट झाडावर कितीही वेळ बसला तरी तो वाहक बनत नाही. पिल्लू असताना ज्याने विषाणू घेतला तोच प्रौढ झाल्यावर आयुष्यभर रोग पसरवतो. यावरून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष असा की ज्या झाडावर विषाणूही राहतो आणि फुलकिडे अंडीही घालतात तेच खरे उगमस्थान. शेताभोवतीची अशी तणे आणि मागच्या पिकाची आपोआप उगवलेली झाडे काढल्याशिवाय केवळ प्रौढांवर फवारणी करणे म्हणजे गळका नळ उघडा ठेवून फरशी पुसणे होय. फुलोऱ्यात आलेले तण उपटले की त्यावरचे प्रौढ शेजारच्या पिकावर येतात, म्हणून ही साफसफाई लागवडीच्या काही आठवडे आधी, तणांना फुले येण्यापूर्वी उरकावी. फुलकिड्यांचा कोष बहुतांशी जमिनीत किंवा पालापाचोळ्यात असतो. आच्छादनाने त्यांच्या बाहेर येण्यात काही अडथळा येतो.

भुंगेऱ्यांबद्दल थोडक्यात एवढेच की भोपळावर्गीय पिकांतील स्क्वॅश मोझॅक विषाणू पाने कुरतडणारे भुंगेरे पसरवतात, आणि तो बियाण्यातूनही येतो. त्यामुळे तिथे बियाण्याचा उगम आधी तपासावा.

कीड नसतानाही पसरणारे विषाणू

तंबाखू मोझॅक, टोमॅटो मोझॅक, आणि इस्रायल व जॉर्डनमध्ये २०१४-१५ च्या सुमारास प्रथम आढळलेला टोमॅटो ब्राउन रुगोज फ्रूट विषाणू यांना रस शोषणाऱ्या किडींची गरज नसते. ते हात, कपडे, कात्री, आधाराच्या काठ्या आणि बियाण्याचे टरफल यांवरून जातात आणि वाळलेल्या अवशेषांत दीर्घकाळ टिकतात. या पिकात काम करताना हात साबणाने धुणे, अवजारे निर्जंतुक करणे, रोगट ओळीचे काम दिवसाच्या शेवटी ठेवणे आणि जुन्या दोऱ्या पुन्हा न वापरणे हेच उपाय आहेत. मांडणी सरीच्या दिशेने असेल आणि चिकट सापळे जवळजवळ रिकामे असतील, तर इथूनच सुरुवात करावी.

पुढच्या हंगामासाठी कामाचा क्रम

निदान झाले की कामे उलट्या क्रमाने सुचतात, म्हणजे आधी औषध आणि शेवटी स्वच्छता. तो क्रम बदलणे आवश्यक आहे. नवे पीक जुन्या पिकाला लागून कधीही लावू नये; जुने पीक उभे असताना शेजारी नवी रोपे लावली, तर विषाणू आणि वाहक दोन्ही तयार मिळतात. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये १९९० च्या दशकात टोमॅटोचा पिवळा पर्णगुच्छ हाताबाहेर गेल्यावर पांढरी माशी पोसणारी पिके तीन महिने न लावण्याचा नियम संपूर्ण उत्पादक भागासाठी केला गेला, आणि टोमॅटोचे पीक सावरण्यात त्याचा मोठा वाटा होता. एकट्याच्या शेतात असा खंड पाळून तितका परिणाम मिळत नाही, परंतु लगतच्या चार-पाच शेतांनी लागवडीच्या तारखा जुळवल्या तरी फरक पडतो.

त्यानंतर रोपवाटिका. पांढऱ्या माशीसाठी किमान ४० ते ५० मेशची (दर इंचाला तितकी छिद्रे असलेली) जाळी लागते. फुलकिडे त्याहून बारीक फटीतून जातात, म्हणून त्यांच्यासाठी अधिक घट्ट जाळी आणि त्यासोबत हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था हवी. जाळीचा दर्जा कितीही चांगला असला तरी दार एकेरी असेल तर ती जाळी शोभेची ठरते. दोन दारांमध्ये छोटी मोकळी जागा ठेवावी आणि आत पिवळे चिकट सापळे लावावेत. फुलकिड्यांसाठी निळे सापळेही चालतात. सापळ्यांकडे किडींचे आगमन कळवणारे साधन म्हणून पाहावे, त्यांनी मोकळ्या शेतातली कीड संपत नाही.

लागवडीनंतरचे पहिले पाच-सहा आठवडे दर दोन-तीन दिवसांनी शेतात फिरून रोगट झाडे उपटावीत. ही उपटणी कधी करावी आणि कधी सोडून द्यावी याबद्दल स्पष्ट असावे: रोगट झाडे थोडी आहेत आणि पुंजक्यांवरून प्रसार शेतातल्या शेतात होत असल्याचे दिसते, तोवर ती लाभदायक आहे, निम्मे शेत रोगट झाल्यावर किंवा रोग रोज बाहेरूनच येत असताना झाडे उपटल्याने फक्त उत्पन्न घटते. झाड उपटण्यापूर्वी त्यावरची माशी मारावी, किंवा सकाळी लवकर, किडी सुस्त असताना, झाडावर पिशवी घालून ते तसेच बाहेर न्यावे. बांधावर टाकलेले झाड सुकू लागते तशी त्यावरची प्रत्येक माशी शेतात परतते.

प्रतिकारक वाण असतील तर ते जरूर घ्यावेत, परंतु त्यांची मर्यादा माहीत असावी. टोमॅटोतील टीवाय गटातील जनुके पिवळ्या पर्णगुच्छाविरुद्ध आणि एसडब्ल्यू-५ हे जनुक स्पॉटेड विल्टविरुद्ध वापरले जाते. एकाचा दुसऱ्या रोगाशी संबंध नाही, आणि स्पॉटेड विल्टचे हे जनुक मोडून काढणारे विषाणूप्रकार काही देशांत आढळले आहेत. त्यामुळे निदानाशिवाय ‘विषाणूप्रतिकारक’ एवढाच शब्द वाचून वाण निवडणे व्यर्थ आहे. शिवाय टीवाय जनुक असलेले झाड हिरवेगार दिसत असतानाही त्याच्यात पर्णगुच्छाचा विषाणू कमी प्रमाणात असू शकतो आणि त्याच्यावर बसलेली पांढरी माशी तो उचलून शेजारच्या साध्या वाणावर नेऊ शकते, म्हणून अशा वाणाची शेवटची तोडणी झाल्यावर ते हिरवे आहे या कारणाने उभे न ठेवता, नवी लागवड सुरू होण्याआधी माशी मारून ते मुळासकट काढून टाकावे.